रिळाला तेल

थाप मारायची तर लहान मारावी, एवढी अक्कल मला आहे. पण त्या दिवशी फोनवर दादाचा आवाज फार जवळून आला आणि माझ्या जिभेचा ताबा सुटला.

"सोमवारी येतोय," तो म्हणाला. "तुझी सुट्टी असते ना सोमवारी? म्हटलं नदीवर एक चक्कर मारावी. माझी गळाची काठी आहे का गं अजून?"

"आहे की. आरशाच्या वर, होती तिथेच."

हे खरं होतं. इथेच थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणाले, "आणि रीळही आहे. दर महिन्याला तेल घालते त्याला. केसांच्या मशीनला घालते तेच."



"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

"बरं," दादा म्हणाला आणि फोन ठेवला. मी तिथेच बाकावर बसले, कारण रीळ माझ्याकडे नव्हतंच.

सलून आमच्या बाबांचं. भिंतभर आरसा, मागे गिऱ्हाइकांसाठी बाक आणि दोन फिरत्या खुर्च्या. त्यातली दुसरी दादासाठी घेतलेली. त्या खुर्चीत बसून दादाने केस कापणं सोडून बाकी सगळं केलं. जमिनीवर पडलेले केस उचलायचे, पिसांबरोबर एवढ्याशा गळाला दोऱ्याने गुंडाळायचे आणि त्याची माशी करायची. ती लाईनच्या टोकाला बांधून पाण्यावर अलगद टाकली की माशाला खरी वाटते म्हणे. पोस्टमास्तरांच्या मिशीवर त्याने एकदा दोन किलोचा मासा धरला होता, आणि हे त्यांना दुकानभर माणसांसमोर सांगायलाही तो विसरला नाही. संध्याकाळी तो त्याच खुर्चीत बसून रिळावर लाईन गुंडाळायचा. कर्रर्र, कर्रर्र. मी मागे केर काढायचे आणि आरशात त्याच्याकडे बघायचे. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता म्हणाल तर तो.

नऊ वर्षांपूर्वी बाबा त्याला म्हणाले, "कात्री धर, नाहीतर दार धर." दादाने दार धरलं. आता तो दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. काठी आरशावरच्या दोन खुंट्यांवर राहिली. बाबांनी ती कधी काढली नाही आणि कधी मान वर करून तिच्याकडे पाहिलंही नाही.

चार वर्षांनी बाबा गेले तेव्हा दादा आला. सलूनच्या दारात उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. माझ्याशी चार शब्द बोलला नाही. त्याच आठवड्यात मी माळ्यावरची त्याची पत्र्याची पेटी खाली ओढली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. उघडूनसुद्धा पाहिली नाही. त्याचं सगळं सामान त्यातच असायचं, म्हणजे रीळही गेलं. राग माझ्या नाकावर असतोच, पण तो नुसता राग नव्हता. हा आता यायचा नाही, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. मी त्याची वाट बघणं सोडून दिलं होतं. तेवढं एक त्याला कळता कामा नये, बाकी काय वाटेल ते कळो.

म्हणून बुधवारी दुपारी दुकान बंद करून, काठी जुन्या चादरीत गुंडाळून, मी बस डेपोच्या मागच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराचा चष्मा इतका जाड की त्याचे डोळेच आधी गिऱ्हाइकापर्यंत पोचायचे.

"कसल्या पाण्यासाठी, ताई?"

"नदीच्या. समुद्राशी आमचा संबंध नाही."

त्याने काचेवर तीन रिळं मांडली. पहिलं धातूच्या अखंड तुकड्यातून कोरलेलं, फिरवलं तर आवाजच नाही. किंमत ऐकून मी ते झोपलेल्या बाळासारखं खाली ठेवलं. दुसरं प्लास्टिकचं. तिसरं ओतीव, काळं, साधं.

"महागातलं विकायला मला आवडेलच," दुकानदार म्हणाला. "पण नदीचा मासा रोखायला एवढा ब्रेक काय करायचाय? तो मासा लोक लाईन बोटांनी ओढूनच आणतात. रीळ म्हणजे लाईन ठेवायची जागा. ती अडकू नये आणि काठीला तोल मिळावा, बस्स."

तोल मला कळतो. बाबा कात्री घेताना तेच बघायचे, मीही तेच बघते: बोटावर आडवी ठेवायची, मग जोड हलवून बघायचा, मग कानाशी नेऊन उघड-मीट करायची. खोटी कात्री कानाला कळते. मी प्लास्टिकचं रीळ हलवलं, तर चाक आत पडायला आलेल्या दातासारखं हललं. ते बाद. काळं हललं नाही. काठीला लावून मी काठी बोटावर ठेवली, ती तिथेच राहिली. मग मी रीळ कानाशी नेलं आणि मूठ फिरवली.

कर्रर्र.

मी रीळ पटकन कानापासून काढलं. दुकानदाराला वाटलं, मला आवाज आवडला नाही. "आत दातेरी चाक असतं," तो समजावू लागला, "त्याला एवढीशी खुंटी घासते. स्वस्तातल्या रिळात एवढाच ब्रेक. आवाज नको असेल तर—"

"हेच द्या."

"ज्यांची काठी आहे ते कोणत्या हाताने फिरवतात? खुंटी तशी बसवावी लागते आणि लाईनही त्याच बाजूने भरावी लागते."

मी डोळे मिटले. दादा समोर दिसला, मान खाली, ओठ दाबलेले. मूठ कोणत्या हातात? स्वच्छ दिसत होतं.

"उजव्या," मी म्हटलं.

नव्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. जुनं मशीन अजून वर्षभर घरघरेल, काही बिघडत नाही. पुढचे चार दिवस मी ते रीळ म्हातारं करण्यात घालवले. पॉलिश पेपरने कडा घासल्या, पायरीवर दोनदा पाडलं, मुठीला केसांचं तेल चोळलं आणि वर मशीनचं तेल. रविवारी ते इतकं जुनं दिसायला लागलं की मलाच खरं वाटलं.

सोमवारी दहाला दादा आला. कानशिलं पांढरी, पोट सुटलेलं, खांद्याला पिशवी. मागच्या वेळेसारखाच दारात थांबला.  मग तो आत आला आणि बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ नुसता उभा राहिला.

मी काठी काढून दिली आणि रीळ त्याच्या हातात ठेवलं. "घे. तुझं रीळ."

त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. फिरवलं. कर्रर्र. "छान ठेवलंयस गं."

"मग! उगाच सांगितलं का फोनवर?"

"मूठ तेवढी उजवीकडे गेलीय."

"काय?"

"काठी उजव्या हातात, रीळ डाव्या. मी डाव्याने फिरवतो, चिमुरडे. पहिल्यापासून."

"तेल घालून घालून फिरली असेल," मी म्हणाले. एवढं बिनडोक वाक्य मी गिऱ्हाइकांच्या तोंडूनही कधी ऐकलं नव्हतं.

दादा दुसऱ्या खुर्चीत आरशाकडे तोंड करून बसला आणि काठी धरल्यासारखी उजवी मूठ करून डावा हात हवेत फिरवू लागला. मी त्याच्या मागे उभी होते, लहानपणी असायचे तिथेच. आणि मला माझी चूक दिसली. आरशातला दादा माझ्या समोर बसला होता, आणि आपल्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाचा आपल्या डावीकडचा हात उजवा असतो. आम्ही सलूनवाले दिवसभर आरशातल्या माणसाशीच बोलतो, त्यालाच खरा समजतो. मीही त्यालाच आठवत राहिले होते.

"तू मला आरशातच पाहिलंस," दादा म्हणाला. त्याने पिशवी उघडली, जाड मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आरशापुढच्या फळीवर ठेवलं.

रीळ. ओरखडे पडलेलं, मुठीचा रंग गेलेला. मूठ डावीकडे.

"माझ्याकडेच होतं," तो म्हणाला. "घर सोडलं त्याच दिवशी खिशात घालून नेलं. काठी मावली नाही, नाहीतर तीही नेली असती."

मला आधी संतापच आला. "म्हणजे फोनवर मी बडबडत होते तेव्हा तू—"

"दर महिन्याला तेल!" दादा म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि मग ते पुसतच राहिला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगत होतीस ते ऐकत राहावंसं वाटलं."

आता माझ्याने राहवेना. "दादा, पेटी मी भंगारात दिली. न उघडता. मला वाटलं, तू आता येत नाहीस."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मी रीळ घेऊन गेलो होतो," तो म्हणाला. "परत यायचं मनात असतं, तर इथेच ठेवून गेलो नसतो का? फिट्टंफाट."

मग त्याने माझ्या कंगव्याची शेपटी घेऊन नव्या रिळाचं पोट उघडलं आणि आतली खुंटी उलटी बसवली. दोन मिनिटांचं काम. पण लाईन पुन्हा भरायला हवी होती. मी टोक धरून दाराबाहेर निघाले. लाँड्रीच्या पुढे, चाव्या करणाऱ्याच्या पुढे, कोपऱ्यापर्यंत. चावीवाल्याने विचारलं, "कोणाला बांधून आणताय, ताई?"  दादाने खुर्ची दाराकडे फिरवली.

"ताणून धर!" तो आतून ओरडला. "सैल आली तर गुंता होईल!"

लाईन बोटांतून ओढ घेत होती आणि मी पावलापावलाने आत येत होते. आरशाकडे त्याची पाठ होती. चेहरा माझ्याकडे, हात डावा. मी मुद्दाम हळू चालले.

दुपारी तो नदीवर गेला. काही मिळालं नाही. बूट भिजवून परत आला, पण चेहरा असा की जणू टोपलीभर आणलेत. संध्याकाळच्या गाडीआधी त्याने काठी पुन्हा खुंट्यांवर ठेवली आणि नवं रीळ मोज्यात गुंडाळून पिशवीत टाकलं. "खोलीत संध्याकाळी हाताला काहीतरी लागतं," तो म्हणाला.

तो पायरी उतरला तेव्हा मला फळीवरचं जुनं रीळ दिसलं, कंगव्यांच्या भांड्याशेजारी. मी ते घेऊन धावले. "दादा, हे विसरलास!"

"विसरलो नाही." तो थांबला, पण त्याने हात पुढे केला नाही. "दर महिन्याला तेल घालतेस ना? घाल."

आज महिन्याची अकरावी तारीख. तेल मी तीनदा घातलंय.