काचेवरची फिकट रेघ

माझ्या आरपार नंतर बघा, मित्रांनो. आधी जरा माझ्याकडे बघा. मी तळहाताएवढी एक जुनी काच आहे.

माझे पहिले आयुष्य फोटोग्राफरच्या दुकानात गेले. माझ्यावर प्रकाश टिपणारा लेप चढवला आणि समोर एक बाई बसवली. तिला हसू आवरत नव्हते. फोटोग्राफर वैतागला, तेव्हा कुठे ती ओठ दाबून बसली आणि नेमकी तशीच मी तिला टिपली. पुढे ती वारली. कागदावरचा फोटो घर बदलताना हरवला. मग ती उरली फक्त माझ्यावर.

तिचा मुलगा संशोधक झाला. वायूचे अणू विजेच्या जोरावर नळीतून पळवायचे, वाटेत चुंबकाने वळवायचे आणि ते काचेवर कुठे आदळतात ते पाहायचे, हा त्याचा उद्योग. हलके अणू जास्त वळत, जड कमी. एका वजनाच्या अणूंची एक रेघ. काचांना लेप देण्याचे काम धाकट्या बहिणीकडे होते. काचांची नेहमीच चणचण, म्हणून ती जुन्या फोटोंच्या काचाही खरवडून घेई. एकदा घरच्या फोटोंच्या काचांची पेटी त्या ढिगात आली, आणि तिच्यात मी होते. कामाची घाई होती. तिने मला उजेडासमोर धरलेच नाही. गरम पाणी, सोडा, ब्रश, आणि आईचा चेहरा मोरीतून वाहून गेला. आईचे नाव लिहिलेले माझे रिकामे पाकीट हाती आल्यावर तिला ते कळले. तोवर नवा लेप चढवून घेऊन मी निऑन वायूच्या नळीपुढे जाऊन आले होते.

भावाने मला वर धरले. निऑनची ठसठशीत रेघ होती आणि तिच्या शेजारी आणखी एक, अगदी फिकट.

"निऑनला एकच रेघ हवी," तो पुटपुटला. "ही कुठून उपटली?"

बहिणीने ते रिकामे पाकीट पुढे केले. "दादा, ही आईची काच आहे. माझ्या हातून खरवडली गेली. ती रेघ आईची असेल रे. तिच्या गालाची कड."

त्याने मला टेबलावर ठेवले. रेघ आईची असेल, तर त्याच्या हाती काहीच लागले नव्हते. रेघ निऑनची असेल, तर आई कुठेच उरली नव्हती. कितीतरी दिवस दोघांपैकी कोणीही नव्या काचेवर पडताळून पाहण्याचे नाव काढले नाही. बहीण रेघेजवळ बोट नेई, टेकवत मात्र नसे. खरे सांगते, तेव्हा माझ्याही आत कोणीतरी हसू दाबून बसल्यासारखे वाटे. मला भीती वाटे आणि बरेही वाटे.

शेवटी तीच म्हणाली, "दादा, कोरी काच लाव. एकदाचं कळू दे मला."

कोरी काच लावली. तीच जागा, तीच फिकट रेघ. म्हणजे एकाच मूलद्रव्याचे अणू दोन वजनांचे असू शकतात! पुढे लोक त्यांना समस्थानिके म्हणू लागले. भावाचा आनंद पोटात मावत नव्हता आणि त्याला बहिणीकडे बघवतही नव्हते.

"गेली रे आई," ती म्हणाली आणि मोरीचा नळ सोडून खूप रडली.

आता मी संग्रहालयाच्या कपाटात असते. लोक फिकट रेघेचे कौतुक करतात. म्हातारी झालेली बहीणही येते. ती रेघेकडे पाहत नाही, बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहते. तिथे काही दिसते का, ते ती कोणाला सांगत नाही. मला मात्र ते दाबलेले हसू अजून ऐकू येते.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. काहीही पुसायच्या आधी ते उजेडासमोर धरा. आत कोणी बसले आहे का, ते बघा.