‘कॅथीड्रल’ नावाचं बटण

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीजवळचं आमचं चर्च बाहेरून अगदी साधं आहे. इथल्या गिरण्यांत राबणाऱ्या इटालियन आणि आयरिश लोकांनी शंभर वर्षांपूर्वी बांधलेलं, विटांचं. धर्मप्रांताच्या पुस्तिकेत त्याला जेमतेम दोन ओळी मिळाल्या आहेत. पण खालची दगडी फरशी आणि वरचं कमानदार छत यांचं असं काही जमून गेलंय, की वेदीपाशी हळू बोललेला शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

माझा आवाज बारीक. वसईच्या शाळेत मला वाचायला उभं केलं की मुलं हसायची. इथे मात्र दर रविवारी मिस्सेत, म्हणजे सामुदायिक उपासनेत, बायबलमधलं पहिलं वाचन मी करतो, तेही माइकशिवाय. यात माझं काही कौतुक नाही. ती करामत छताची.

निवृत्त झाल्यापासून मी धर्मप्रांतातली जुनी चर्चेस बघत हिंडतो. आत कुणी नसलं की हळूच एक टाळी वाजवतो आणि ऐकतो. गालिचा घातलेल्या चर्चमध्ये ती टाळी हातातच विरते.

यंदा इमारत समितीवर अनीश डाबरे आला. हाही वसईचाच, आयटीतला, कुणाच्याही मदतीला धावणारा. फरशी थंड पडते, मुलांच्या बुटांचा आवाज घुमतो, म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घालायचा आणि नवे स्पीकर लावायचे, असं त्याने मांडलं. सभेत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी येऊन मुलीपुढे, शुभापुढे, तासभर तणतणलो. ती म्हणाली, पपा, हे मला सांगून काय उपयोग?

म्हणून अनीशला फोन करून चर्चमध्ये बोलावलं. त्याला शेवटच्या बाकावर बसवलं आणि वेदीपाशी उभा राहून यशया संदेष्ट्याचा एक उतारा वाचला. त्याने मोकळेपणाने कबूल केलं की शब्द न् शब्द ऐकू आला. मला वाटलं, जमलं.

“काका, यासाठीच टेन्शन घेत होता होय?” तो हसत जवळ आला. “नव्या सिस्टिममध्ये हा इफेक्ट आहे. ‘कॅथीड्रल’ नावाचं सेटिंगच आहे. बटण दाबलं की सेम आवाज.”

“अरे, पण खरा आवाज आपल्याकडे आहे ना?”

“हे काय रोमचं चर्च आहे का, काका? न्यू जर्सीतलं आहे.”

संतापाने माझे कान तापले. रोमच्या चर्चला हात लावायला जगात कुणी धजणार नाही. इथे गिरणीत दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात काढलेल्या माणसांनी, रविवारी तरी आपल्याला नीट ऐकू यावं म्हणून पदरमोड करून हे छत उभारलं. त्याचा आवाज गालिच्याखाली बुजवायचा आणि त्याची नक्कल खोक्यातून काढायची! हे सगळं मी मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, “बघ बाबा.”

पुढच्या महिन्यात गालिचा आला. गडद लाल, गुबगुबीत. पहिल्या रविवारी अनीशने माझ्यासाठी मुद्दाम ते बटण दाबून ठेवलं होतं. पहिला शब्द उच्चारताच भिंतींवरच्या खोक्यांतून कुणी दुसराच माणूस गरजला. लोकांनी कौतुकाने माना वर केल्या.

मी माइक बंद केला आणि वाचत राहिलो.

तिसऱ्या बाकामागच्यांनी कानामागे हात धरले. फादर केविननी माइककडे बोट दाखवलं. देवाचं वचन लोकांपासून अडवून ठेवणारा मी कोण, हेही मनात येत होतं. तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

मिस्सा संपल्यावर अनीश लगबगीने आला. “काका, माइक बंद होता. मागे कुणाला काहीच ऐकू आलं नाही.”

“गेल्या रविवारी आलं होतं,” मी म्हणालो.

तो रिकाम्या चर्चमध्ये मागे वळून त्या शेवटच्या बाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला की पुढच्या आठवड्यात वाचनाला दुसऱ्या कुणाला तरी सांगतो.