भोंग्याच्या बटणावर पंप

चिंच, अर्धी वाटी.

दात घासायचा जुना ब्रश.

भरती तीन वाजून दहा मिनिटांनी.

चार वायरी. चारही लाल.

नायलॉनच्या दोऱ्याचे तुकडे, कचऱ्यात.

वेसाव्याच्या बंदरात प्रेमा सकाळपासून नवऱ्याच्या बोटीत बसून घासत होती. रामचंद्र एप्रिलमध्ये गेला. पावसाळाभर बोट ताडपत्रीखाली. वायरींची टोकं हिरवी पडली होती. आज हंगामाची पहिली फेरी. दीर दत्ताराम बोट नेणार होता. तो धड परत यावा, एवढंच तिला हवं होतं, म्हणजे तळातलं पाणी उपसणारा पंप चालायलाच हवा. घरातली तांब्याची भांडी घासते तशी तिने टोकं चिंचेने घासली, धुतली, वाळवली. लखलखीत.

दत्ताराम आला. "वहिनी, गाठी कुठायत?"

"कसल्या गाठी?"

"दादाने वायरींना जाळ्याच्या दोऱ्याने मारलेल्या. एक गाठ दिवा, दोन वायरलेस, तीन पंप, चार भोंगा."

"ते होय? मला वाटलं कचरा अडकलाय. कापून टाकलं."

"झकास. आता कुठली कुठची, तूच सांग."

"चार कामांना एकाच रंगाची वायर कोण घेतं रे?"

"तुझा नवरा."

अंदाजाने लावल्या. दिव्याच्या बटणावर दिवा लागला. वायरलेसही बोलला. पंपाचं बटण दाबलं तर भोंगा ओरडला. भोंग्याचं दाबलं, पंप घरघरला.

"अदलाबदल कर ना."

दत्तारामने जोर लावला. स्क्रूचं डोकं मघाशी आवळतानाच झिजलेलं, पेचकस नुसताच फिरला. भरती थांबणार नव्हती.

"राहू दे. पंप म्हणजे भोंगा, भोंगा म्हणजे पंप."

"आणि घाईत विसरलास तर?"

"तर वाजेल."

प्रेमाने बटणांवरची जुनी नावं खरवडली, बोटीच्या उरलेल्या रंगाने नवी लिहिली. रंग ओला असतानाच बोट निघाली.

खाडीच्या तोंडाशी भोंगा वाजला.

धक्क्यावर प्रेमाने हात वर केला. मग खाली घेतला. निरोप? की तळात पाणी चढलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने दत्तारामचा हात पंपाच्या जुन्या बटणावर गेला? तिने फोन लावला. लागेना.

"अगं, तुला बाय करतोय," शेजारची मालन म्हणाली.

पुन्हा वाजला. दोनदा बाय कोण करतं? प्रेमाचा हात अर्धाच वर गेला आणि तिथेच राहिला.

निघण्याआधी, प्रेमा रंग आणायला गेली आणि बोटीत मासळीसाठी बर्फ चढत होता, तेव्हाच दत्तारामने पंप लावून तळ कोरडा करून घेतला होता.