चार बोटं अलीकडे थांबलेला बीम

मित्रांनो, मी एक जुना बीम आहे. जुना म्हणजे सात वर्षांचा. आमच्यात हे वय काहीच नाही, पण माझ्या पोटाखाली आताच लोखंडी टेकू लागले आहेत.

माझा जन्म धरमपेठेतल्या एका ऑफिसात, संगणकाच्या पडद्यावर झाला. तिथे घर आधी रेघांचं असतं. आडवी रेघ म्हणजे मी, उभी म्हणजे कॉलम. दोघं ज्या बिंदूत भेटतात तो जोड. छताचं वजन तिथूनच खाली जमिनीत उतरतं. कॉलम जाड असला तरी त्याची रेघ मधोमध असते. या रेघा काढणारी इंजिनिअर मयुरा तेव्हा नोकरीला नवी होती. तिने मला कॉलमच्या कडेलाच थांबवलं. पडद्यावर आम्ही चिकटलेले दिसायचो; पण दोघांच्या रेघांमध्ये चार बोटं अंतर होतं.

संगणकाने लगेच लाल अक्षरं दाखवली.

"काहून थांबली वं?" ऑफिसचे मालक गिरिधर साहेबांनी विचारलं.

"सर, बीमचं टोक हवेत आहे, असं म्हणून राहिला संगणक."

"मंग टोकाखाली एक आधार दाखवून दे. संगणकाले थोडीच राहाचं आहे त्या घरात!"

सगळे हसले. मयुराने खोटा आधार दिला, लाल अक्षरं गेली. गणितात माझं सगळं वजन त्या आधाराने घेतलं. कॉलमला ते कोणी सांगितलंच नाही. तो बारीक राहिला, त्याचा पायाही लहान.

बेसा गावातल्या बांधकामावर मी खरा, सिमेंटचा झालो. घरमालकीण कौसल्याबाई सकाळ-संध्याकाळ मला पाणी मारायच्या. "पी रे बाबा, मजबूत हो," म्हणायच्या. गवंडी म्हणाला, इतका सरळ बीम पाहिला नाही. लाजलोच मी. तो पडद्यावरचा आधार मात्र कुणीच बांधला नव्हता.

माझ्यावरच्या खोलीत बाईंनी शिवणवर्ग काढला. यजमान गेल्यावर तेवढाच त्यांचा गोतावळा. काही वर्षांत जोडापाशी भेग आली. त्यांनी पुट्टी भरली, वर कॅलेंडर लावलं. यंदा कॅलेंडर पुरेना, तेव्हा मयुराला बोलावलं.

जुनी फाइल लॅपटॉपवर उघडून ती जोड मोठा मोठा करत गेली. ती चार बोटं उघडी पडली.

"काकू, चूक माझी आहे. मले दिसलं होतं, मी झाकलं."

"मीबी तर झाकलंच," कौसल्याबाई म्हणाल्या. "खोली वाचते का, ते सांग."

"खालचं घर वाचते, काकू. वजन उतरवाले वरचं पाडावं लागते."

मित्रांनो, उद्या तुम्हीही पडद्यावर घरं उभी कराल. जोड जवळ जाऊन पाहा. रेघ रेघेला खरंच भिडली का, तपासा. लाल अक्षरं आली तर घालवायची घाई करू नका, वाचा.

आज शिवणाच्या मशिनी खाली गेल्या. मागोमाग बायका एकेक करून जिना उतरल्या. प्रत्येकीबरोबर माझ्यावरचं ओझं कमी होत गेलं. इतकं हलकं मला कधीच व्हायचं नव्हतं.