मेहुण्याचं वळण

माझा नवरा टायर बघून माणसाची कुंडली मांडतो असं ट्रॅकवरचे लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. टायरसमोर तो कधी खोटं बोलत नाही. बाकी सगळीकडे बोलतो.

सुट्टीच्या दिवशी ट्रॅक भाड्याने मिळतो. हौशी लोक आपापल्या मोटरसायकली घेऊन येतात, पैसे भरतात आणि त्या वळणावळणाच्या रस्त्यावर जीव खाऊन पळवतात. आमची व्हॅन तिथेच कडेला लागते. मागचा दरवाजा उघडला की दुकान तयार. टायर काढणं, चढवणं, बॅलन्स करणं हे माझं काम. झिजलेला टायर वाचणं त्याचं. हवा भरणंही त्याचंच. हवेचं गेज तो काळ्या दोरीत ओवून गळ्यात घालतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ते माझ्या हातात कधी दिलेलं नाही. "इथे चाकातली हवा मास्तरची," असं गिऱ्हाइकांना सांगतो. मास्तर म्हणजे तोच.

त्या दिवशी सकाळी एक औषधांच्या दुकानाचा मालक आला, बायकोला घेऊन. मागचा टायर फार लवकर झिजतोय म्हणाला. नवऱ्याने चाक हाताने सावकाश फिरवलं आणि अंगठा कडेवरून ओढला.

"पॉलिश पेपर कुठला वापरलात?"

औषधवाल्याने बायकोकडे पाहिलं.

"वहिनी, यांनी घरी बसून टायर घासला की नाही? बघा, कडेची दोन बोटं रस्त्याला लागलेलीच नाहीत. वळणात गाडी झोपवायची यांची छाती होत नाही. मग ती कोरी पट्टी लोकांना दिसायला नको. रस्ता घासतो तेव्हा रबर एका दिशेला वळतं हो. हे तर भांडं घासल्यासारखं गोल गोल घासलंय."

लोक पोट धरून हसले. मीही हसले. औषधवाल्याची बायको हसली आणि आपल्या नवऱ्याचं तोंड बघून थांबली. तो बिचारा कानकोंडा झाला, पण हलला नाही. आमच्या व्हॅनपाशी लोक जोडे खातात आणि तरी रांगेत उभे राहतात, कारण मास्तर सांगतो ते बरोबर निघतं.

माझा धाकटा भाऊ मागे स्टुलावर बसून रिम पुसत होता. डाव्या हाताने. उजव्या हाताची तीन बोटं त्याला मिटता येत नाहीत.

वर्षापूर्वीपर्यंत तो केस कापायचा. स्वतःचं दुकान होतं, दोन खुर्च्या, आणि हात असा हलका की दाढी करून घेता घेता गिऱ्हाईक घोरायला लागायचं. मोटरसायकल ट्रॅकवर चालवायला त्याला माझ्या नवऱ्यानेच शिकवलं. शिकत होता तोवर सगळं गोड होतं. मग एका सकाळी त्याने मास्तरला वळणात बाहेरून मागे टाकलं, आणि परत आल्यावर हसत विचारलं, "दाजी, चिडलात का?" कोणीतरी म्हणालं, "मेहुण्याने गाठलं की हो तुम्हाला." नवरा हसला. त्याचं ते हसणं मी ओळखते. दात दिसतात, डोळे जागचे हलत नाहीत.

त्याच दुपारी भाऊ डाव्या वळणात पडला. कोपराचा चुरा झाला आणि हाताची नस गेली. नवरा दवाखान्याच्या पायरीवरच म्हणाला, "ऐन वळणात घाबरून रेसची मूठ सोडली. भेकडाचं काम." मागचं चाक तेवढं जिन्याखाली ठेवून गाडी भंगारात गेली, दुकान बंद पडलं आणि भाऊ आमच्या मागच्या खोलीत राहायला आला. नवऱ्याला आयता धडा मिळाला. नवीन कोणी आला की भावाला हाक मारायची आणि हात वर करून दाखवायला लावायचं. "हे बघा, रेस सोडली की काय होतं." त्या वळणाला आता सगळे मेहुण्याचं वळण म्हणतात. भाऊ हात दाखवतो आणि परत पुसायला बसतो. त्यालाही ते पटलंय. "आठवत नाही ताई, पण सोडलीच असणार," म्हणतो.

माझं काळीज तुटायचं. तो भेकड नव्हता हे त्याने एकदा ऐकावं, आणि ज्याने भेकड म्हटलं त्याच्याच तोंडून ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

झालं असं की मागच्या आठवड्यात एक रिम हवी होती म्हणून मी जिन्याखालून भावाच्या गाडीचं मागचं चाक ओढून काढलं. टायर अजून त्याच्यावरच होता. धूळ पुसली आणि डाव्या बाजूचं फाटलेलं रबर दिसलं. इतकी वर्षं शेजारी उभी राहून ऐकलंय, मी काही आंधळी नाही. पण मी सांगून कोण ऐकणार? बायकोची अक्कल, त्यातून भावाची बाजू. मी चाक स्वच्छ धुतलं आणि गुपचूप व्हॅनमध्ये टाकलं. काळी रिम, काळा टायर, तसली चाकं रोज डझनभर येतात.

औषधवाल्याची चंपी झाल्यावर नवरा रंगात आला होता. मी ते चाक गडगडत त्याच्यापुढे नेलं.

"अहो, एवढं बघता का? एक जण पडला होता. विचारतोय, चूक कोणाची."

त्याने चाक मांडीवर आडवं घेतलं. लोक जवळ सरकले.

"डावी बाजू बघा," तो म्हणाला. "हे रबर झिजलेलं नाही, फाटलंय. तापलेला टायर वरवर खरवडला जातो. हे खोल गेलंय, लचके तोडल्यासारखं. वरून गरम झाला, आतून थंडच राहिला."

"का पण?" मी विचारलं.

"हवा. ट्रॅकवर हवा कमी ठेवायची. टायर दबला की तापतो, तापला की रस्ता धरतो. यात ठासून भरलीय. दगड झाला असणार नुसता."

"आणि चालवणारा? त्याने घाबरून रेस सोडली असेल का?"

नवऱ्याने चाक पुन्हा फिरवलं. त्याला घाई नव्हती. "छे. सोडली असती तर हे ओरखडे मध्येच तुटले असते. शेवटपर्यंत एकसारखे आहेत बघा. हात लोण्यासारखा आहे याचा. गाडी खालून निसटली तरी याने रेस धरून ठेवलीय. असला रायडर रोज बघायला मिळत नाही." मग लोकांकडे बघून म्हणाला, "हवा भरणाऱ्याला मात्र जोड्याने मारलं पाहिजे. एवढी हवा चुकून जात नाही. मुद्दाम भरलीय."

लोकांनी माना डोलावल्या. मला मजा येत होती, खोटं कशाला सांगू. भावाचं पुसणं थांबलेलं मला दिसलं. मी आणखी थोडी थांबले.

"वर्षभर आपल्या जिन्याखाली होतं," मी म्हणाले. "माझ्या भावाच्या गाडीचं चाक आहे हे."

आमच्या व्हॅनपाशी हवा कोण भरतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"हवा अजून आत आहे. मोजा."

नवऱ्याचा हात गेजवर गेला आणि तिथेच राहिला. भाऊ उठला. फडकं खांद्यावर टाकून त्याच्यापुढे आला, आणि केस कापून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या गळ्यातलं कापड सोडवावं तशी त्याने डाव्या हाताने ती दोरी मानेवरून काढली. वाकून गेज व्हॉल्व्हवर दाबलं. चोवीस असायला हवी होती. वर्षभर गळूनही काटा तेहतीसवर थांबला.

"किती भरली होती, दाजी?"

"घाबरवायचं होतं नुसतं," नवरा म्हणाला. मग त्याने आवाज चढवला. "आणि आपल्या चाकातली हवा ज्याची त्याने बघायची असते. मी कायम सांगत आलोय."

मला वाटलं, आता कोणीतरी त्याची गचांडी धरेल. निदान तोंडावर थुंकेल. औषधवाला पुढे आला. सकाळी ज्याची सालं काढली होती, तोच. त्याने घसा साफ केला.

"मास्तर, मग माझ्या गाडीत किती ठेवायची?"

नवऱ्याने हात पुढे केला. भावाने गेज त्याच्या तळहातावर ठेवलं. रांग एक पाऊल सरकली. तेवढ्यात भोंग्यावरून सूचना आली, मेहुण्याच्या वळणावर तेल सांडलंय, जपून चालवा.

मी भावाला व्हॅनच्या आडोशाला नेलं. मला आनंद आवरत नव्हता.

"ऐकलंस ना? तू सोडली नव्हतीस. सगळ्यांसमोर म्हणाला तो."

"ऐकलं."

"मग?"

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. बोटं मिटायचा प्रयत्न करत होता, हे मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

"ताई, चूक माझी होती तोवर मला त्यांच्या घरचा घास गिळता येत होता," तो म्हणाला. "आज मी कुठे जेवू?"

"ते माझंही घर आहे."

"हो?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आठवडाभर मी सगळं ठरवलं होतं, कधी चाक पुढे करायचं, काय विचारायचं, काटा कुठे थांबेल. त्याच्या पुढचं काही माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

संध्याकाळी आवराआवर केली. धंदा नेहमीपेक्षा जास्त झाला. व्हॅनला पुढे एकच लांब सीट आहे. नवरा चालवतो, भाऊ मध्ये बसतो आणि मी खिडकीशी. नवऱ्याने हॉर्न वाजवला. भावाने ते चाक एका हाताने उचलून मागे ठेवलं, दरवाजा लावला आणि पुढे येऊन माझ्यासाठी दार धरलं.

"ताई, आज तू मध्ये बस," तो म्हणाला.

मी चढले, आणि आम्ही तिघं घरी आलो.