आरशातलं ऊन

रंगाऱ्याची खोली घराच्या पार पोटात होती. खिडकी नाही, एकच दार, तेही अंगणाच्या सावलीकडे उघडणारं. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला हा माणूस शिडीवरून डोक्यावर पडला, कंबर कामातून गेली, आणि तो त्या खोलीत आडवा झाला तो झालाच. एक दिवस बायकोला म्हणाला, "अगं, खोलीत काळोख वाढत चाललाय. दुसरं काही नको. तेवढं ऊन दाखव."

तिने ध्यासच घेतला. भिंतींना चुना फासला, दाराशी अडलेलं कपाट हलवलं. काळोख तसूभर हलेना. मग कपाटाचाच आरसा उतरवून तिने अंगणाच्या उन्हाच्या कोपऱ्यात उभा केला. फरशीवर खरखरत जरा वळवला, आणि उन्हाचा तुकडा रांगत्या पोरासारखा उंबरा ओलांडून आत गेला.

"आलं का हो?"

"आलं गं! लोण्यासारखं आलंय."

सूर्य सरकेल तशी ती आरसा सरकवी. चूल सोडून धावे, धुणं सोडून धावे. शेजारच्या गच्चीवरून धाकटी जाऊ हसे, "जाऊबाई, सूर्याला दावं लावलंत की!"

"लावलं. तुमच्या दारात चरायला येत नाही ना? मग झालं!"

पण धाकट्या दिराने त्याच गच्चीवर मजला चढवायला घेतला. ती हात जोडून गेली. "भाऊजी, वीतभर फट सोडा. तेवढ्यानं भागेल माझं."

"वहिनी, पोरं मोठी झाली. त्यांना काय फटीत झोपवू?"

खोटं बोलत नव्हता बिचारा. वीट विटेवर चढत गेली, आणि एका सकाळी अख्खं अंगण सावलीत बुडालं. तिने आरसा इकडे वळवला, तिकडे वळवला. आत नुसत्या ओल्या विटा आणि तिचाच चेहरा. नवऱ्याला सांगायचं कोणत्या तोंडाने? अखेर नकाराचीच वाट बघत तिने विचारलं,

"आलं का हो?"

"आलं! आज तर केशरी. छातीवर चढलंय बघ. जरा बाजूला कर, डोळे दिपतात."

ती धावत आत गेली. खोलीत काजळी काळोख. त्याचे डोळे दाराकडे लागलेले, टक्क उघडे. तिने त्यांच्यापुढून हात फिरवला. पापणी लवली नाही.

ते लोण्यासारखं ऊन तरी त्याला खरंच दिसलं होतं का? कुठल्या दिवशी विझले हे दिवे? तिला आठवेना. काळोख खोलीत वाढतच नव्हता. आणि हा माणूस आरशाची खरखर ऐकून रोज तिच्यासाठी उन्हाला रंग देत होता.

"गेलं का गं ऊन?" त्याने चाचपून तिचं मनगट धरलं. "दमलीस? पण तू आणतेस ना, फार बरं वाटतं."

तिने हलकेच हात सोडवला. बाहेर आली. तोंडात पदर कोंबून क्षणभर उभी राहिली. मग तो आंधळा आरसा फरशीवरून जोरात खरखरत ओढला.

"आता?"

"आता आलं."