आनंदराज सरांची खाकी बॅग

मी एक जुनी खाकी बॅग आहे, मित्रांनो. मुदखेडच्या सटवाजी शिंप्याने मला ताडपत्रीच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवलं. नागुबाई समोर बसून होती. ती रोजंदारीवर जायची. तिचा मुलगा आनंदराज नांदेडच्या कॉलेजात शिकत होता आणि फुटबॉल, कबड्डी दोन्ही खेळत होता. म्हणून तिने मला दोन कप्पे करून घेतले.

आम्ही रोज पॅसेंजरने नांदेडला जायचो. माझ्या एका कप्प्यात बूट असत, दुसऱ्यात कबड्डीची चड्डी-बनियन. आनंदराज दोन्ही संघांत होता, त्याचं नाव पेपरात छापून यायचं. नागुबाईला वाचता येत नव्हतं. ती ते कात्रण शेजारणीकडून वाचून घ्यायची.

तिसऱ्या वर्षी एकाच दिवशी दोन सामने आले. सकाळच्या फुटबॉलमध्ये त्याचा गुडघा सुजला. संध्याकाळी कबड्डीची उपांत्य फेरी होती. त्याने प्रशिक्षकांना दुखतंय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, एवढ्याने काय होतं, पट्टी बांध. त्याने बांधली. दुसऱ्याच चढाईत तिघांनी पकड केली आणि गुडघा फिरला. मी मैदानाच्या कडेला होते. त्याचं ओरडणं मला ऐकू आलं.

तो पुन्हा खेळला नाही. पुढे शिक्षण पुरं करून कंधारच्या एका शाळेत तो खेळाचा शिक्षक झाला, आणि त्याने मुलींचा फुटबॉल संघ उभा केला. आता माझ्यात चेंडू, शिट्टी, मैदान आखायच्या फक्कीची पिशवी आणि पट्ट्या असत. मुली मला उचलायला भांडायच्या. माझे ते सगळ्यात सुखाचे दिवस.

त्या मुलींत शिवानी होती. तिची आई गुरम्मा बसस्टँडजवळ बांगड्यांचं दुकान चालवायची. लेकीला हाफपँट घालून खेळायला पाठवणं तिला जड गेलं होतं. सर चार वेळा दुकानात जाऊन बसले, तेव्हा कुठे ती हो म्हणाली.

लातूरच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. मध्यंतराला शिवानी लंगडत आली.

"सर, गुडघा दुखून राहिला. बसू का मी?"

बरोबरी झाली होती आणि गोल करणारी तीच होती. सरांनी मला उघडलं, पट्टी काढली, तिच्या गुडघ्याला घट्ट बांधली आणि म्हणाले, "जमतंय. थोडाच वेळ राहिला."

ती उठली. तिने गोल केला. आम्ही जिंकलो, पण शिट्टी वाजली तेव्हा ती मैदानात पडलेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, पुढे चालता येईल, पण खेळता यायचं नाही. तो चषक माझ्यातच ठेवून कंधारला आणला. एवढं जड मी कधी काही वाहिलं नाही.

सर मला खांद्यावर घेऊन थेट गुरम्माच्या दुकानात गेले. खेळात लागायचंच, असं तीच त्यांना समजावू लागली. सरांना गप्प बसता आलं असतं.

"लागलं म्हणून न्हाई, अक्का," ते म्हणाले. "तिनं मला दुखतंय म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई."

गुरम्मा बांगड्या लावत राहिली. मग तिने विचारलं, "तुमच्याबी पायाचं असंच झालं होतं म्हणं?"

"हाव."

"मग तुम्हाला तर कळाया पायजे होतं."

सर मला उचलून घरी गेले. त्यांनी संघ सोडला. मी वर्षभर खुंटीला टांगलेली होते. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. शेवटी मुलींनीच घरी येऊन त्यांना परत मैदानावर नेलं. पण शिवानी आली नाही. रस्त्यात सर दिसले, की ती मान फिरवून जायची.

यंदा आम्ही नांदेडच्या स्पर्धेला निघालो होतो. बसस्टँडवर शिवानी कॉलेजच्या बसची वाट पाहत उभी होती. आमच्या मुली ओळीने बसमध्ये चढत होत्या. ती त्यांच्या पायांकडे बघत होती. मग ती सरांजवळ आली. दोन वर्षांत पहिल्यांदाच बोलली.

"सर, ती मनिषा डावा पाय जपून टाकून राहिली. तिला खेळवू नका."

सरांनी मनिषाला खाली बोलावून विचारलं. ती आधी नाही म्हणाली. सर थांबून राहिले. मग ती रडायला लागली.

"न्हाई खेळवत," सर शिवानीला म्हणाले.

तिने मान हलवली आणि ती आपल्या बसकडे गेली. अजून किंचित लंगडत होती.

मनिषा दिवसभर माझ्याशेजारी बसून राहिली. आम्ही तीन गोलांनी हरलो. संघातल्या मुली हमसून रडल्या, शाळेत सरांना बोलणी बसली. त्यांनी ती ऐकून घेतली.

मित्रांनो, माझी शिवण आता उसवली आहे. मला जपा असं मी म्हणत नाही, ताडपत्री पुन्हा शिवता येते. पण तुमच्यातलं कुणी दुखतंय म्हणालं, तर आधी त्याला बसू द्या. सामन्याचं नंतर बघा.